दोनशे बहात्तर

कार्डावर क्लीव्हलँड नव्हतं. बो ह्रिंकोनं आधी चष्मा पुसला, कारण बासष्टाव्या वर्षी माणूस पहिला संशय चष्म्यावरच घेतो. मग बोट ठेवून वरून खाली आला. बत्तीस ओळी होत्या. बत्तीस नावं, बत्तीस आकडे, अक्षर त्याचंच. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्याच्या वडिलांची सवय, तीही जागेवर. सिनसिनाटीच्या खाली क्लीव्हलँड यायला हवं होतं, तिथे सरळ डॅलस होतं. सगळ्यात खाली बेरीज, दोनशे बहात्तर, आणि तिच्याशेजारी त्याच्या बायकोनं, लेस्यानं, केलेली बारीकशी बरोबरची खूण. एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे नव्हतं. ज्या शहराच्या कडेला तो जन्मला, ज्याच्या संघासाठी त्यानं पन्नास वर्षं घसा कोरडा केला, तेवढं फक्त यादीतून गळलं होतं.

जानेवारीतला मंगळवार होता, सकाळचे पावणेदहा. शाळेची बस डेपोत लावून बो चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये येऊन बसला होता. दुपारच्या फेरीसाठी दोन वाजता परत जायचं, तोवरचा वेळ त्याचा. पलीकडच्या स्वयंपाकघरात बायका शुक्रवारच्या पिरोह्यांसाठी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांसाठी, बटाटे सोलत होत्या, त्यांच्यात लेस्याही होती, आणि मधल्या खिडकीतून वाफ आणि गप्पा मिळूनच येत होत्या. अमेरिकी फुटबॉलचा हंगाम रविवारी संपला होता. आता पत्र्याची पेटी उघडायची, ऑगस्टमध्ये सगळ्यांनी लिहून टाकलेली तेवीस कार्डं काढायची आणि अंदाज आणि प्रत्यक्ष यांची गाठ घालायची, हे काम एकतीस वर्षं बोच्याकडे होतं. बत्तीस संघांपैकी कोण किती सामने जिंकेल, हे आधी लिहायचं. नंतर जो कमीत कमी चुकला त्याचं नाव भिंतीवरच्या फळीवर. पैशाचा संबंध नाही. पैसे लावले असते तर लोक इतके हळवे झाले नसते, असं फादर म्हणायचे.

दोनशे बहात्तरचा नियम लेस्याचा. तिनं चर्चच्या शाळेत सव्वीस वर्षं सहावीला गणित शिकवलं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिनं सगळ्यांची कार्डं उलटीपालटी केली होती आणि भर हॉलमध्ये म्हणाली होती, "तुम्ही लोक वेडे आहात का? अहो, एक जिंकला की दुसरा हरतो. तुम्ही तर सगळ्यांनाच जिंकवून बसलात." तेव्हापासून ऑगस्टमध्ये कार्ड पेटीत पडण्याआधी तिच्या हाताखालून जायचं. सगळ्या विजयांची बेरीज ठरलेली असते. हल्ली प्रत्येकाचे सतरा सामने, बत्तीस संघ, त्याचे निम्मे, म्हणजे दोनशे बहात्तर. लोकांची भरायची दोनशे ऐंशी, नव्वद. एकदा म्हाताऱ्या इहोरची तीनशे चार भरली होती. जिंकणं वाटताना सगळ्यांचाच हात सैल. मग लेस्या कार्ड परत द्यायची आणि लोक कुरकुरत ह्याचे दोन काप, त्याचा एक काप असं करत बसायचे. क्लीव्हलँडचे कापायला कुणीच तयार नसायचं. तिथे मात्र हात आखडायचा.

त्याची नजर खाली घसरली. न्यूयॉर्कचे दोन्ही संघ झाल्यावर ओकलंड होतं. सहा विजय. ओकलंडमध्ये संघ नाही. तो संघ केव्हाच उठून लास वेगासला गेला, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि लास वेगासही कार्डावर होतंच, वर, सात विजयांसह. एकाच संघाला दोन गावांत दोनदा मांडून त्यानं स्वतःच्या गावाची जागा भरून काढली होती, आणि बेरीज चोख जुळवली होती. ओकलंड हे नाव म्हाताऱ्यांच्या तोंडून अजून निसटतं, त्यात काही नाही. पण निसटणं वेगळं आणि सहा हा आकडा विचार करून लिहिणं वेगळं. तो काय विचार करत होता ते त्याला आठवेना. ऑगस्टमधला शनिवार आठवत होता, घामेजलेला हॉल आठवत होता, काकडीचं लोणचं कुणी आणलं होतं तेही आठवत होतं. ओकलंड लिहिताना पेन टेकवलेलं आठवत नव्हतं. तो उगाचच उरलेली बावीस कार्डं एकसारखी करू लागला.

ओकलंड आहे आणि क्लीव्हलँड नाही, अशी यादी एके काळी होती. तीच त्याला भीती वाटायला लावणारी गोष्ट होती. पंच्याण्णवच्या डिसेंबरात मालकानं संघ उचलून दुसऱ्या गावी नेला, आणि पुढचे तीन हंगाम या शहराला संघच नव्हता. शेवटच्या सामन्याला बो मायरॉनबरोबर तिथे होता. लोकांनी बाकं उपटून मैदानात फेकली होती, आणि मायरॉन, त्याचा शाळेपासूनचा मित्र, दोन माणसं दगावल्यासारखा रडत होता. पुढच्या ऑगस्टला कार्डं लिहायची की नाही यावर या हॉलमध्ये दोन तास वाद झाला. शेवटी लिहिली. तीस संघ, बेरीज दोनशे चाळीस. स्वतःचं कुणीच नसल्यामुळे त्या तीन वर्षांत सगळ्यांचे अंदाज आश्चर्य वाटावं इतके बरोबर आले. बोच्या स्वतःच्या नोंदींत तशी अचूकता आधी नव्हती आणि नंतरही नाही. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. लेस्या तेव्हा लाल कोट घालायची. त्याची आई तेव्हा धडधाकट होती, आणि तो स्वतः इंजिनं ओतायच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. म्हणजे गेल्या ऑगस्टमध्ये याच टेबलाशी बसून त्याच्या हातानं त्या काळातली यादी आजच्या यादीत मिसळून लिहिली होती, आणि बेरीज मात्र आजच्या काळातली केली होती. डोक्याचा एक भाग सत्त्याण्णवमध्ये गेला होता आणि दुसऱ्या भागाला त्याचा पत्ता नव्हता.

आईचं असंच सुरू झालं होतं. एकदम काही झालं नाही, कधीच होत नाही. ती उत्तम बीट सूप करायची, चर्चमध्ये सगळी गाणी तोंडपाठ म्हणायची, पत्त्यांत त्याला हरवायची. फक्त एक दिवस तिनं त्याला विचारलं की बाबांची पाळी कधी सुटते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. "अगं आई," तो म्हणाला होता, आणि तिनं लगेच "हो हो, माहितेय मला" असं म्हणून विषय बदलला होता. चोरी पकडली गेल्यावर माणूस बदलतो तसा. त्या "माहितेय मला"ची त्याला आता लाज वाटली. तिची नाही, आपली. तिला किती आधीपासून माहीत होतं, आणि किती दिवस ती एकटीच बेरजा जुळवत बसली होती, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पुढची सहा वर्षं विचारण्यासारखी नव्हती. शेवटी ती त्याला "तुम्ही" म्हणत असे आणि घरी जायला उशीर होतोय असं सांगून त्याचे आभार मानत असे.

"काय रे ए हिशेबनीस!" मायरॉन जिना उतरून आला. हॉलची देखभाल त्याच्याकडे होती, म्हणजे तो दिवसभर कॉफी पीत हॉलमधून हिंडायचा. "कोण आलं पहिलं? नको, सांगू नकोस. मी नाही, एवढंच सांग."

"तू नाहीस."

"मेल्या, जरा तरी वेळ घ्यायचास." मायरॉन समोरच्या खुर्चीत दणकन बसला. "मी आपल्याला अकरा दिले होते. अकरा! आणि मिळाले किती? चार. चार रे! माझी नात उभी राहिली असती तरी सहा जिंकले असते. तू किती दिलेस?"

बोनं कार्डावर पंजा ठेवला. "आठ."

"आठ?" मायरॉननं डोळे बारीक केले. "तू कधीपासून आठ द्यायला लागलास? म्हातारा झालास, बो. आठ देतो म्हणजे माणूस संपला." आणि आपल्याच विनोदावर खुश होऊन खिडकीकडे जाऊन ओरडला, "लेस्या! तुझ्या नवऱ्यानं आशा सोडली गं!" आतून बायका हसल्या. लेस्याचं हसणं त्यांत होतं की नाही ते बोच्या लक्षात आलं नाही. मायरॉन कॉफी हिंदकळवत वर निघून गेला.

किती सहज आलं ते आठ. खोटं बोलायला मेंदूचा कुठला भाग लागत असेल तो शाबूत आहे, एवढं कळलं. त्यानं सवयीनं हिशेब केला: कार्डावर नाव नसेल तर शून्य धरायचं, असा नियम होता. क्लीव्हलँड जिंकलं चार. म्हणजे त्याची चूक चारची. मायरॉनची सातची. लेस्यानं नऊ दिले असतील, दरवर्षी नऊच देते, म्हणजे पाच. हातातल्या बावीस कार्डांपैकी एकाचाही अंदाज त्याच्या रिकाम्या जागेपेक्षा जवळ नव्हता. सगळ्या हॉलनं मिळून जी आशा धरली तिच्यापेक्षा त्याचं विसरणंच खरं निघालं होतं. ओकलंडचे सहा अंगावर पडत होते, ते सोडा. दुसरी कुठली वेळ असती तर हे त्यानं सगळ्यांना सांगून हशा पिकवला असता.

पण आता त्याला एकेचाळीस मुलं दिसत होती. सकाळची एकेचाळीस, दुपारची तेवढीच. नोव्हेंबरात एकदा रिज रोडवरून डावीकडे न वळता तो सरळ गेला होता, बंद पडलेल्या जुन्या शाळेच्या दिशेनं, आणि मागून एक मुलगी ओरडली होती, "मिस्टर बो, आपली शाळा तिकडे राहिली!" मुलं खिदळली होती. "तुम्हाला शहर दाखवतोय," तो म्हणाला होता, आणि पुढच्या चौकातून वळसा घातला होता. घरी सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं काय होतं? माणूस विचारात असतो. डिसेंबरात रेल्वे फाटकापाशी नियमाप्रमाणे थांबला, दार उघडलं, गाडी येतेय का याचा कानोसा घेतला, दार लावलं, आणि मग क्षणभर, फक्त क्षणभर, कळेना की कानोसा घेऊन झालाय की घ्यायचाय. त्यानं पुन्हा दार उघडलं. मुलांना गार वारा लागला तेव्हा ती ओरडली. दोनदा ऐकणं म्हणजे चूक नव्हे, असं त्यानं तेव्हा स्वतःला समजावलं होतं. दोन्ही गोष्टी एकेकट्या काहीच नव्हत्या. पण एकतीस वर्षं त्याचं कामच हे होतं: एक सामना काही सांगत नाही, बेरीज सांगते.

बस सोडायची म्हणजे काय, हे त्याला नीट दिसत होतं. कारखाना बंद झाला तेव्हा दीड वर्ष तो घरात बसला होता, आणि त्या दीड वर्षात लेस्यानं त्याला एकदाही काही म्हटलं नाही, यापेक्षा वाईट काही नव्हतं. बसनं त्याला वर काढलं होतं. पहाटेचा डेपो, थंडीत कण्हत चालू होणारं इंजिन, "मिस्टर बो" म्हणत पायऱ्या चढणारी बुटकी माणसं. वसंतात डॉक्टरची वार्षिक तपासणी असते. ते रक्तदाब बघतात, डोळे बघतात, ओकलंडमध्ये संघ आहे का असं कुणी विचारत नाही. जूनपर्यंत ओढता येईल. जूनमध्ये मान ताठ ठेवून निवृत्त होता येईल, केक कापतील. आणि लेस्याला कळायचं कारण नाही. तिनं आईचं सगळं केलं होतं, सहा वर्षं, अंघोळीपासून. तिच्यापुढे हे पुन्हा कुठल्या तोंडानं ठेवायचं?

खणात कोरी कार्डं असत. त्यानं एक काढलं. खिशातलं पेन काढलं. त्याच्या हातून आजवर एकाही कार्डावर खाडाखोड झाली नव्हती. एकदा त्यानं सख्ख्या भावाला अर्ध्या विजयानं खाली ढकललं होतं आणि भाऊ नाताळपर्यंत बोलला नव्हता. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि हात लिहीत होता. ॲरिझोना, सहा. अटलांटा, नऊ. सिनसिनाटीनंतर त्यानं क्लीव्हलँड लिहिलं, नीट, मोठ्या अक्षरात, मुलं पाटीवर लिहितात तसं, आणि पुढे आठ. डॅलसपाशी आला तेव्हा शेजारी सूपचा वाडगा टेकल्याचा आवाज झाला.

लेस्या उभी होती. कोपरापर्यंत पिठूळ बटाट्याचा चिकटा, केस रुमालात बांधलेले. तिनं जुनं कार्ड पाहिलं, नवं पाहिलं. बोनं पंजा पुढे केला, पण झाकायला आता काही उरलं नव्हतं.

"पेन बदल," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये सगळ्यांना निळी दिली होती. काळ्यानं लिहिलंस तर कळेल."

त्यानं पेन खाली ठेवलं.

"गेल्या वर्षी मीही आधी काळ्यानंच लिहायला घेतलं होतं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "मग ते फाडलं. तुझा सात मला दोन-तीनदा गिरवावा लागला."

आत कुणीतरी बटाट्यांचं पातेलं घासत होतं. बोनं वाडग्याकडे बघितलं. बडीशेप घातलेली होती, त्याला आवडते तशी. गेल्या वर्षी फळीवर त्याचं नाव लागलं होतं, सहाव्यांदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मायरॉननं पाठीत बुक्की मारली होती. लेस्या सगळ्यात मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"काय होतं गेल्या वर्षी?" त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बरा निघाला.

"हेच. क्लीव्हलँड नव्हतं. सेंट लुईस होतं, तिथलाही संघ केव्हाच गेलेला."

"आणि तू क्लीव्हलँड घातलंस."

"नऊ घातले. माझ्यासारखेच. मला वाटलं, उन्हाळ्याचा उकाडा होता, तू दमला होतास." ती हाताचा चिकटा सोलत होती. "तसं वाटलं नव्हतं. तसं वाटून घेतलं."

"आणि यंदा?"

"यंदा बेरीज केली. दोनशे बहात्तर आली. खूण केली आणि टाकलं पेटीत."

"का?"

"कारण मला तोंडानं सांगता येत नव्हतं, बो. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तू जेवायला बसायचास, छान बोलायचास, आणि माझी जीभच उचलायची नाही. म्हटलं, जानेवारीत हा कार्डं उघडेल. तुझ्या अक्षरात तूच वाचशील. तू स्वतःच्या हाताखालच्या कार्डाला कधी खोटं म्हटलं नाहीस." तिनं नव्या कार्डाकडे बघितलं.

तेव्हा त्याला राग आला. इतका की कानशिलं तापली. फळीचा राग नव्हता, नावाचा नव्हता. "पाच महिने," तो म्हणाला. "एकेचाळीस मुलं, लेस्या. ऑगस्टपासून तुला माहीत होतं आणि रोज सकाळी तू मला डबा देऊन दारात उभी राहिलीस? काही झालं असतं म्हणजे? फाटकावर, बर्फात, काही झालं असतं म्हणजे?"

"माहितेय."

"काय माहितेय?"

"मी तुझ्या मागे यायचे," ती म्हणाली. "शाळा सुरू झाल्यापासून. तू डेपोतून निघालास की कोपऱ्यावरून मागे लागायचे, शाळेपर्यंत. दुपारी परत. एकही दिवस चुकवला नाही. मनात ठरवलं होतं, एक जरी गोष्ट तशी दिसली तर त्याच दिवशी डेपोत फोन करायचा. नोव्हेंबरात तू रिज रोडवरून सरळ गेलास तेव्हा फोन हातात घेतला होता. तू वळसा घेतलास. मी फोन खाली ठेवला." ती हात पुसू लागली. "तिथे माझं चुकलं. ते माझ्याकडून झालं. त्या मुलांच्या आयांना मी काय सांगणार होते?"

बो आठवू लागला. आरशात एक करडी गाडी असायची. रोज. बऱ्याच अंतरावर, थांबा आला की थांबणारी, कधी पुढे जाण्याची घाई न करणारी. त्याला वाटायचं, कुणाची तरी आई असेल, बिचारीला बसमागे अडकून कामाला रोज उशीर होत असेल. एकदोनदा त्यानं हात बाहेर काढून तिला पुढे जा म्हणून खूणही केली होती. ती गेली नव्हती.

"ती करडी गाडी?" तो म्हणाला. "ती तू होतीस? कुणाची गं ती?"

लेस्यानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आपली गाडी आहे ती, बो," ती म्हणाली. "आपण दोघांनी जाऊन घेतली."

त्यानं सूपचा वाडगा बाजूला सरकवला. मग बोनं अर्धवट लिहिलेलं कार्ड फाडलं, चार तुकडे केले, आणि जुनं कार्ड बाकीच्या बावीसांत ठेवलं, वर नाही आणि तळाशीही नाही, आपल्या आडनावाच्या जागी. "वाच," तो म्हणाला, "मी उतरवतो." ती एकेक कार्ड वाचत गेली, अंदाज, प्रत्यक्ष, फरक, आणि तो लिहीत गेला. त्याचं कार्ड आलं, तेही तिनं पूर्ण वाचलं. क्लीव्हलँड, शून्य, चार. ओकलंड, सहा, शून्य. फरक चार, फरक सहा. तो तेविसांत नववा आला. मायरॉन एकविसावा.

दीड वाजता त्यानं डेपोत फोन लावला. फेऱ्या लावणारी शार्मेन नेहमीप्रमाणे खात खात बोलत होती. "दुपारची फेरी मला जमणार नाही," तो म्हणाला.

"आता सांगतोस? दीड वाजता? बरं नाही का? ठीक आहे, ठीक आहे, टेरेन्सला पाठवते. उद्या सकाळी येतोस ना?"

"नाही."

"परवा?"

"परवाही नाही. शार्मेन, मी मुलांना न्यायला नको."

पलीकडचं खाणं थांबलं. "अरे, काही झालं का? कुणाला लागलं?"

"नाही. कुणाला लागलं नाही," बो म्हणाला. "म्हणूनच आता सांगतोय. चावी आणून देतो आणि साहेबांशीही बोलतो."

दोघं वर आली तेव्हा बर्फ पडायचा थांबला होता आणि मायरॉन फावड्यानं पायऱ्या मोकळ्या करत होता. "झाली का रे बेरीज?" त्यानं विचारलं. बो "झाली" म्हणाला, आणि आठ दिले हे खोटं होतं, मी आपल्याला काहीच दिलं नव्हतं, असंही म्हणाला. मायरॉन हसायला लागला, मग लेस्याच्या तोंडाकडे बघून थांबला, आणि फावडं तसंच हातात धरून उभा राहिला.

बोची पिकअप चर्चच्या फाटकाशी होती. चाळीस वर्षांत दोघं कुठेही गेली तरी चालवायचा तो. त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या, लेस्याच्या तळहातावर ठेवल्या आणि गाडीला वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसला. तिला पाय पोचेना, तिनं सीट पुढे ओढली, आरसा वळवला, पट्टा लावला.

"आधी डेपो?" ती म्हणाली.

"आधी डेपो."

गाडी रस्त्याला लागली तशी सवयीनं त्यानं वर आरशात पाहिलं. तिनं तो आपल्यापुरता वळवून घेतला होता. त्यात त्याला रस्ता दिसला नाही, मागचं कुणी दिसलं नाही.